प्रसिद्धी गुप्त देता येत नाही

लग्नाच्या पंगतीत वाद घालू नये. एक हात वरणभातात गुंतलेला असतो, दुसऱ्याने वाढप्याला थांबवायचं असतं, आणि तोंडात जिलबी असेल तर मुद्दाच मांडता येत नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका लग्नात मी सापडलो. शेजारी बायकोच्या नात्यातले एक काका होते, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. समोर नवरदेवाचा मावसभाऊ. तो रंगात येऊन सांगत होता, की त्याच्या गावाने आमिर खानच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत, भाग घेतला तेव्हा तो कॉलेजात होता आणि पहाटे टिकाव खांद्यावर टाकून डोंगरावर जायचा. काकांनी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "अरे, नटाने नाटक करावं. पाण्याचं बघायला आम्ही होतो की."

पोरगा गप्प झाला. काकांना जोर चढला. "आणि खरंच काही करायचं असतं, तर कॅमेरे कशाला लागले असते? दान करावं ते गुप्त." मग भात कालवता कालवता तिसरं: "ही मंडळी पुढे आली की सरकार हात झटकून मोकळं होतं, हे लक्षात घे."

मी तेव्हा काही बोललो नाही, जिलबीमुळे आणि नात्यामुळेही. पण ही तीन वाक्यं काकांची एकट्याची नाहीत. कुणी नट, गायक, क्रिकेटपटू चार लोकांसाठी काही करायला निघाला, की सुशिक्षित घरांतून ती ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात. म्हणून उत्तर आता देतो, आणि सुरुवात कॅमेऱ्यापासून करतो, कारण तिथेच सगळा घोटाळा आहे.

गुप्तदानाचं मोठेपण मला मान्य आहे. पैसा गुपचूप द्यावा, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हे आपल्याकडचं जुनं आणि चांगलं वळण. पण पैसा गुप्त देता येतो, प्रसिद्धी गुप्त देता येत नाही. ज्याच्याकडे द्यायला नाव आहे, त्याने ते चारचौघांत दिलं तरच पोचतं. कॅमेरा नको, पण तुमचं नाव कामाला येऊ द्या, असं नटाला सांगणं म्हणजे गवयाला आवाज न काढता गायला सांगणं झालं.

पु. ल. देशपांड्यांचं उदाहरण घ्या. पुलं आणि सुनीताबाईंनी आयुष्यभरात किती संस्थांना किती दिलं याचा डांगोरा त्यांनी कधी पिटला नाही. या बाबतीत काकांनाही ते आदर्शच वाटतील. पण 1986 साली काय झालं ते पाहा. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनात सापडलेल्या मुलांवर लिहिलं होतं. ते वाचून पुलं-सुनीताबाई हलले आणि व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपये द्यायला तयार झाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी जबाबदारी उचलली आणि त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' सुरू झालं. उद्घाटनाला पुलं स्वतः हजर होते.

आता विचार करा. लाख रुपये निनावी चेकने देता आले असते. पण 1986 मध्ये ज्या घरातला मुलगा गर्द ओढत होता, ते घर शेजाऱ्यांना मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलाय असं सांगत होतं. त्यात केंद्र कुठे, तर वेड्यांच्या इस्पितळाच्या आवारात. त्या फाटकातून आत पाय टाकायला आईबापांना धीर लागत होता. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस ज्या दारात उभा राहतो, त्या दारात जायची लाज थोडी कमी होते. ही मदत कुठल्या चेकवर लिहिणार? लाख रुपये कधीच संपले असतील. ते उभं राहणं संपलं नाही.

काकांच्या दुसऱ्या वाक्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो: हे सगळं नाव कमवायला चाललंय. असेल. मला त्यात फारसा रस नाही. 8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन कंपन्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी, दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड न पाहणारे. प्रयोग होता टिळक स्वराज्य फंडासाठी. तिकिटांवर लोक तुटून पडले ते काय स्वराज्याच्या तळमळीने? बरेचसे आले होते कोण कुणाला खातो ते बघायला. आणि त्या दोघांच्या मनात त्या रात्री देशाचा विचार जास्त होता की समोरच्याच्या तानेचा, हे देव जाणे. फंडात पैसे पडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव वारले, त्यामुळे ती रात्र मराठी रंगभूमीच्या आठवणीत कायमची कोरली गेली. शंभर वर्षांनी तिचा हिशेब मांडायला बसलेल्या कुणाला त्यांचा हेतू तपासावासा वाटतो का? हेतू ज्याचा त्याने देवाजवळ न्यावा. आपण जमाखर्च मागावा. तो मात्र कडक मागावा, त्याकडे पुढे येतो.

पण प्रसिद्धी म्हणजे फक्त तिकिटं खपवणारं यंत्र नव्हे. ती किती धारदार असू शकते हे पाहायचं, तर नटांना सोडून एका शाळामास्तराकडे जावं लागतं.

साने गुरुजींकडे पैसा नव्हता, पद नव्हतं, मठ नव्हता, फौज तर नव्हतीच. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती: 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मुळे महाराष्ट्रातल्या घराघरात त्यांचं नाव होतं, आणि तेही माजघरापर्यंत. ज्या बायका पुढाऱ्यांची भाषणं ऐकायला कधी गेल्या नाहीत, त्यांनी ते पुस्तक डोळे पुसत वाचलं होतं. या नावाचं गुरुजींनी काय केलं? विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या, आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले. बसायला जागा मिळेना. तनपुरे महाराजांनी आपला मठ उघडून दिला. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती पोचली होती, त्यांची तार आली, उपोषण सोडा. ज्या माणसाला गुरुजी बापू मानत होते, त्याची तार. गुरुजींनी उपोषण सोडलं नाही. दादासाहेब मावळणकर मध्यस्थीला आले, बडव्यांशी बोलणी झाली, आणि 10 मे रोजी उपोषण सुटलं ते देऊळ खुलं करण्याच्या कबुलीवर.

'मास्तराने शिकवावं, लेखकाने लिहावं' हे तेव्हाही म्हटलं गेलं. आणि त्या दहा दिवसांत गुरुजींनी जे पणाला लावलं ते फक्त शरीर नव्हतं. सोवळ्यातल्या ज्या घरांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यांतल्या अनेकांना ते नकोसे झाले. नाव वापरणं म्हणजे नाव खर्चणं. खर्चलं की ते कमी होतं. हे न कळलेले लोक प्रसिद्धीला कायम कमाईच समजतात.

आता मुख्य वाक्य: नटाने नाटक करावं.

हे ऐकायला शिस्तशीर वाटतं, ज्याचं काम त्याने करावं. पण आपला अख्खा बाजार उलट्या समजुतीवर चालतो. बनियन, सिमेंट, टायर, विमा, केसांचं तेल, यांतलं काय नटाच्या अभ्यासाचा विषय आहे? सिमेंटचं पोतं कधी न उचललेला माणूस पडद्यावर येऊन घर कुठल्या सिमेंटने बांधा ते सांगतो आणि कंपनी त्याला कोट्यवधी मोजते. कंपनी वेडी नाही. त्या माणसाच्या नुसत्या असण्याने लोकांची पावलं वळतात हे तिने आकड्यांनी ताडून पाहिलेलं असतं. मग तोच माणूस गावातल्या विहिरीबद्दल, क्षयरोगाबद्दल, पोरींच्या शाळेबद्दल बोलायची वेळ आली, की त्याच्या बोलण्याने काय फरक पडतो असं म्हणायचं, आणि त्यानेही म्हणायचं, हा ढोंगीपणा आहे. दर ठरलेला आहे, करारावर सही आहे. ज्याला आपल्या नावाचा बाजारभाव माहीत आहे, त्याने ते नाव बिनकामाचं आहे असं सांगू नये.

इलायचीच्या जाहिराती आठवा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. तरी पानमसाल्याच्या कंपन्यांची नावं घराघरात आहेत, कारण त्याच नावाची इलायची किंवा माउथ फ्रेशनर विकायला मोठमोठे नट उभे राहतात. अमिताभ बच्चन 2021 मध्ये अशा एका करारातून बाहेर पडले. अक्षयकुमार 2022 मध्ये एका जाहिरातीत दिसले, चाहते भडकले, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि मानधन चांगल्या कामाला देईन म्हणाले. माफी मागितली याचा अर्थ आपल्या चेहऱ्याने काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. उलट पुल्लेला गोपीचंद बघा. 2001 साली ऑल इंग्लंड जिंकून आला, दारात कोला कंपनी उभी. त्याने नाही म्हटलं, जे पेय प्रकृतीला चांगलं नाही त्याची जाहिरात करणार नाही म्हणाला. तेव्हा तो काही करोडपती नव्हता. नाव न देणं हीसुद्धा मदतच होती, आणि त्यासाठी कुठलाही ट्रस्ट रजिस्टर करावा लागला नाही.

ज्यांनी आपलं दुखणं लोकांपुढे मांडलं त्यांचं मोल मला त्याहून मोठं वाटतं. बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलं, की 'कुली'च्या अपघातानंतर रक्त चढवताना त्यांना हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा मोठा भाग निकामी झाला. पुढे क्षयही झाला होता, औषधं घेऊन बरा झालो, हेही सांगितलं. आपल्याकडे टीबी झाला की घरं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. मुलीचं लग्न व्हायचं असेल तर एक्स-रे गादीखाली जातो. दवाखाना तालुक्याचा सोडून दुसऱ्या तालुक्यातला गाठतात, औषधाच्या पट्ट्या खिशात लपवून आणतात आणि बरं वाटायला लागलं की कुणाला दिसू नये म्हणून कोर्स अर्धवट सोडतात. अशा घरात टीव्हीवर तो आवाज येतो, मलाही झाला होता. याला स्टंट म्हणणाऱ्याने एकदा कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या क्षयरोगाच्या खिडकीपुढच्या रांगेत उभं राहावं. तोंडाला रुमाल बांधून, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली माणसं दिसतील.

आता डोंगरावर जाऊ, कारण काकांचं दुखणं तिथलं आहे.

2016 मध्ये आमिर खान, किरण राव आणि सत्यजित भटकळ यांच्या पाणी फाउंडेशनने पहिला वॉटर कप घेतला: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके, 116 गावं, पंचेचाळीस दिवस. पहिलं बक्षीस पन्नास लाखांचं, ते कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवलं. 2018 पर्यंत स्पर्धा 75 तालुक्यांत पोचली. काकांचा आक्षेप असा, की यात नवं काय? सलग समतल चर, बांधबंदिस्ती, गॅबियन, शेततळं, सगळं खात्याच्या पुस्तकात होतं. बरोबर. अगदी बरोबर. विलासराव साळुंख्यांनी पुरंदरात पाणी पंचायतीचं काम सत्तरच्या दशकात सुरू केलं. राळेगणसिद्धी होतं, हिवरे बाजार होतं. ज्ञान होतं, जीआर होते, नकाशे होते. ते सगळं कुठे होतं, तर कपाटात. आणि काकांनीच वापरलेल्या क्रियापदात: "आम्ही होतो की."

एप्रिलमधली एक पहाट मी माण तालुक्यात काढली आहे. साडेपाचला गावातल्या देवळाचा भोंगा वाजला. हातात टिकाव, फावडी, घमेली घेऊन बाया-बापडे चढणीला लागले. पुढे एक विशीतली मुलगी, खांद्यावर ए-फ्रेम: दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून सोडलेला ओळंबा. दोरा पट्टीच्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्कीने ठिपका मारायचा, फ्रेम फिरवायची, पुढचा ठिपका. असे ठिपके जोडत अख्ख्या डोंगराच्या अंगावर तिने रेषा काढली, आणि मागून आलेल्या ओळीने त्या रेषेवर चर खणला. माती उताराच्या बाजूला टाकायची, हे ती एका म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा सांगत होती. तो "हां बाय, हां" म्हणायचा आणि पुन्हा वरच्या बाजूला टाकायचा. चार दिवसांच्या प्रशिक्षणात ती हे शिकली होती. त्या गावात वीस वर्षांत दोन गटांची माणसं एका मांडवात जेवायला बसली नव्हती. ती त्या सकाळी एकमेकांच्या हातात घमेली देत होती.

ए-फ्रेमला पन्नास रुपयेही लागत नाहीत. ती कुठल्याही ग्रामसेवकाला शिकवता आली असती. मग इतकी वर्षं का नाही शिकवली? कारण शिकायला कुणी येत नव्हतं, आणि कुणी येत नाही म्हणून शिकवणारा जात नव्हता. ही गाठ पैशाने सुटत नाही. ती सुटली ती आमिर खान येणार, टीव्हीवर दिसणार, अजय-अतुलचं गाणं वाजणार, शेजारच्या गावाला हरवायचं, या सगळ्या उथळ वाटणाऱ्या कारणांनी. माणसं उथळ कारणांनी घराबाहेर पडतात आणि खोल कामं करतात. वारीला निघणाऱ्यातलेही सगळे काही मोक्षासाठी निघत नाहीत.

हे सांगताना दुसरी बाजू गिळत नाही. वॉटर कपवर अभ्यासकांनी टीका केली आहे आणि तिच्यातली काही मला पटते. स्पर्धेत मोजली जात होती ती मुख्यतः झालेली कामं, म्हणजे किती घनमीटर खणलं. नंतर पाणी कुणी किती उपसलं हे पंचेचाळीस दिवसांत मोजता येत नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून आणि मुरमाच्या थरातून हिंडतं. यंत्र लावून नाला वाटेल तसा खोल केला, तर वरच्या शिवारातलं पाणी खाली ओढलं जातं. आणि सर्वांत मोठं दुखणं म्हणजे पाणी आलं की मागोमाग ऊस येतो, उसामागून बोअर. हिवरे बाजारने ऊस-केळी आणि शेतीसाठीचे बोअर यांना गावानेच बंदी घातली, म्हणून तिथलं पाणी टिकलं. ही बंदी कुठलाही नट घालू शकत नाही. ती ग्रामसभेनेच घालावी लागते, दर वर्षी पाळावी लागते, आणि मोडणाऱ्या चुलतभावाशी वाईटपणा घ्यावा लागतो. प्रसिद्धी माणसं गोळा करते, त्यांना बांधून ठेवत नाही. पण म्हणून गोळा करणं फुकट गेलं असं म्हणणारा माणूस, गुरव घंटा वाजवून घरी जातो म्हणून घंटेला नावं ठेवतो.

तिसरं वाक्य सरकारचं. यात तथ्याचा कण आहे, म्हणून ते जास्त फसवं. 2020 च्या मे महिन्यात मुंबईतून मजूर पायी निघाले, तेव्हा सोनू सूदने बसगाड्या करून माणसं घरी पोचवली. ज्या कामाला राज्य आणि केंद्र मिळून कमी पडत होतं, ते एक नट फोनवर बसून करत होता, याची लाज कुणाला वाटायला हवी होती ते उघड आहे. पण त्याने ते केलं नसतं तर सरकार लाजेने जास्त वेगात धावलं असतं, या हिशेबाला पुरावा काय? माणसं रस्त्यावर होती, उन्हात.

आणि नट-सरकार हे वैर धरून बसायचं कारणच नाही. पोलिओ घ्या. डोस पाजले ते अंगणवाडीतायांनी, नर्सबाईंनी, आशाताईंनी. बर्फाचे डबे खांद्याला लावून, उसाच्या फडापर्यंत आणि वीटभट्टीपर्यंत जाऊन. बच्चन यांनी एकही डोस पाजला नाही. त्यांनी टीव्हीवरून आईबापांना दटावलं, बाळाला बूथवर न्या. दारावर आलेल्या नर्सबाईला ते दटावणं कामाला आलं. 13 जानेवारी 2011 नंतर देशात वन्य (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही, आणि 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. श्रेय नर्सबाईंचंच. पण पहिल्यांदा दार उघडायला कधीकधी ओळखीचा आवाज लागतो.

सरकारला जागं ठेवायचं तर त्याच्या मागे हात धुऊन लागणारी माणसं लागतात, आणि त्या माणसांना पोट असतं. ही गोष्ट मराठी रंगभूमीतल्या लोकांनी ओळखली. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांनी बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर अशा कार्यकर्त्यांबरोबर मिळून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नावाजलेल्या नटांना घेऊन अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले, आणि त्या निधीतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं. धरणग्रस्तांसाठी, हमालांसाठी, देवदासींसाठी मोर्चे काढणाऱ्या माणसाच्या घरात निदान पीठ-मीठ यावं म्हणून. निळूभाऊ पडद्यावर इरसाल पुढारी रंगवायचे. गावाकडच्या बाया त्यांना खरोखरचा दुष्ट समजून बोटं मोडायच्या. ते मूळचे सेवादलातले, नट होण्याआधी पुण्यात माळीकाम केलेले. सरकारला मोकळं सोडायचं असतं, तर या लोकांनी कार्यकर्त्यांना पोसलं नसतं.

त्या निधीचं नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. दया नाही, दान नाही, कृतज्ञता. म्हणजे घेतलेलं काही आहे, ते परत करायचं आहे. माझं म्हणणं यापलीकडे फारसं नाही. प्रसिद्धी ही मेहनतीची कमाई आहे हे खरं, पण एकट्याची नाही. नगरपालिकेच्या नाट्यगृहात सवलतीच्या भाड्यात प्रयोग होतात. सरकारी जमिनीवर चित्रनगरी उभी राहते. सिनेमाला अनुदान मिळतं. पडद्यामागचा माणूस रात्री दोनला ट्रकमध्ये सेट चढवून पुढच्या गावाला निघतो. आणि मजुरी करून आलेला माणूस खिशातली नोट काढून तिकीट घेतो. दोनशे माणसांनी मिळून एक चेहरा मोठा केला, तर त्या चेहऱ्यावर त्यांचा थोडा हक्क लागतो. 'माझी मर्जी, केलं तर केलं' हे म्हणायची मोकळीक कायद्याने आहे. 'कृतज्ञता' या शब्दाने नाही.

काकांशी माझं पटतं ते दोन ठिकाणी, तेही सांगतो. एक, चेकवाटपाचा फोटो. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी 2015 मध्ये मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांना पंधरा-पंधरा हजारांचे चेक दिले, त्यातून 'नाम' ही संस्था उभी राहिली, पुढे नाल्यातला गाळ काढण्याची कामं झाली. त्या दोघांच्या तळमळीवर मला शंका नाही. पण पुढे गावोगाव जी नक्कल सुरू झाली, छोट्या-मोठ्या पुढाऱ्यांनी आणि मालिकांतल्या चेहऱ्यांनी, तिच्यात पदर डोक्यावर घेतलेली बाई, हातात पाकीट, बाजूला पाहुणा, मागे बॅनर. उजेड देणाऱ्यावर पडावा, घेणारीवर नाही. पुलं मुक्तांगणाच्या दारात उभे राहिले, गर्दच्या पोराला शेजारी उभं करून नाही.

दुसरं, प्रत्येक गोष्टीवर मत देण्याची घाई. फेब्रुवारी 2021 मध्ये शेतकरी आंदोलन चालू असताना देशातले नामवंत क्रिकेटपटू आणि नट एकाच वेळी, त्याच त्या हॅशटॅगांखाली, जवळजवळ एकाच शब्दांत बोलले. याला नाव वापरणं म्हणत नाहीत, नाव भाड्याने देणं किंवा भीतीने देणं म्हणतात. फरक ओळखायला सोपी खूण आहे: बोलण्याने बोलणाऱ्याचं काही गेलं का? 1977 च्या निवडणुकीत पुलं आणीबाणीविरुद्ध सभा घेत हिंडले आणि निकाल लागल्यावर पदाच्या रांगेत न उभं राहता घरी परतले. 1996 मध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्कार घेताना त्याच सरकारच्या वृत्तीवर त्यांनी टीका केली आणि सत्ताधाऱ्यांचे बोल ऐकून घेतले. थकलेल्या, आजारी शरीराने. मौनच पत्करायचं असेल तर तेही चालेल, पण मग ते इलायचीच्या बाबतीतही पत्करावं.

नावाचा हिशेब कसा मागावा, तर गाडगेबाबांना विचारून. आपल्याकडे यापेक्षा मोठा प्रसिद्ध माणूस झाला नाही. रेडिओ, सिनेमा, पुस्तक, काही हाताशी नसताना त्यांच्या कीर्तनाला हजारोंची गर्दी लोटायची. दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचं, रात्री त्याच गावाला कीर्तनात झाडायचं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, जिथे गरीब यात्रेकरू उघड्यावर पडायचा, तिथे नावाच्या जोरावर पैसा उभा करून धर्मशाळा बांधल्या. अंगावर चिंध्या, हातात फुटकं गाडगं, आणि त्या धर्मशाळांवर स्वतःची किंवा नातलगांची मालकी नाही. 20 डिसेंबर 1956 ला ते गेले.

दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलात कर्करोगाच्या उपचारांसाठी विदर्भातून, मराठवाड्यातून, पार बिहार-बंगालमधून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. जिन्यात केमोच्या फायली मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दिसतात. गॅलरीत वाळत घातलेले छोटे शर्ट दिसतात, मुलांचे. तिथे राहणाऱ्या जवळजवळ कुणीही गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं नाही.